फेरिक क्लोराइडच्या टाकीला लावलेला स्टेनलेस व्हॉल्व्ह: एका गळतीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एका सांडपाणी प्रक्रिया केंद्रातलं आहे. केंद्राची आणि माणसांची ओळख इथे दिलेली नाही. तिथल्या रसायनांची जबाबदारी तेव्हा माझ्याकडे होती आणि ज्या निर्णयातून ही गळती झाली, तो फोनवर मीच दिला होता. म्हणून तो जसा घडला तसाच मांडते आहे.

पार्श्वभूमी

फेरिक क्लोराइड हे लोखंडाचं क्लोराइड. निर्जल रूपात ते जवळजवळ काळ्या, हिरवट झाक असलेल्या स्फटिकांचं असतं आणि हवेतली ओल लगेच ओढून घेतं. प्रक्रिया केंद्रांवर मात्र ते बहुधा ४० टक्क्यांच्या तयार द्रावणात येतं. हे द्रावण दाट, गडद तपकिरी असतं आणि पाण्याच्या जवळपास १.४ पट जड. पाण्यात मिसळलं की त्यातलं लोह हायड्रॉक्साइडचे मऊ, तांबूस पुंजके बनवतं. हे पुंजके गढूळपणा पकडून खाली बसतात. शिवाय लोह फॉस्फेटला बांधून घेतं. हिशेबाने १ किलो फॉस्फरस काढायला ५.२ किलो फेरिक क्लोराइड लागतं, प्रत्यक्षात त्याहून जास्त. तांब्याचे सर्किट बोर्ड आणि छापकामाचे तांब्याचे पत्रे कोरायलाही हेच रसायन वापरतात. आमच्या गोष्टीत हा शेवटचा उपयोग महत्त्वाचा आहे, कारण धातू खाणं हा या रसायनाचा स्वभावच आहे.

लोह पाण्याशी अभिक्रिया करताना आम्ल तयार करतं. त्यामुळे या द्रावणाचा पीएच, म्हणजे आम्लता मोजणारा आकडा (७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल), २ च्याही खाली असतो. वाहतुकीत ते वर्ग ८ मध्ये, म्हणजे क्षरणकारी पदार्थांत मोडतं आणि त्याचा यूएन क्रमांक २५८२ आहे. त्वचा भाजते, डोळ्यात गेलं तर कायमची इजा होऊ शकते. हे सगळं टाकीवरच्या फलकावर लिहिलेलं होतं. फलकावर नव्हतं ते एवढंच की या द्रावणाला कोणत्या धातूचा हात लागता कामा नये.

आमची डोसिंगची, म्हणजे रसायन मोजून पाण्यात सोडण्याची टाकी १,००० लिटरची, एचडीपीई या जाड प्लास्टिकची. दोन दिवसांतून एकदा मुख्य साठ्यातून भरायची. तळाशी पीव्हीसीचा बॉल व्हॉल्व्ह, पुढे डोसिंग पंप. टाकी फुटली तर रसायन अडावं म्हणून भोवती बुटकी भिंत होती, जिला सगळे बंड वॉल म्हणतात. त्याच खोलीत पलीकडे पाणी निर्जंतुक करणाऱ्या सोडियम हायपोक्लोराइटची, म्हणजे आमच्या भाषेत हायपोची टाकी होती. तिला तिची वेगळी बंड वॉल. पण दोन्ही बंडांचे निचऱ्याचे पाइप जमिनीखालून एकाच खड्ड्यात उतरत होते. केंद्र बांधलं तेव्हापासून ते तसेच होते आणि आम्ही सगळे रोज त्यावरून चालत होतो.

पहिली रात्र

रात्री पावणेबाराला पाळीप्रमुखांचा फोन आला. "मॅडम, फेरिकच्या टाकीचा व्हॉल्व्ह गेला. दांडा तुटून अर्धवट उघडा अडकलाय. पीव्हीसीचा स्टोअरमध्ये नाही. स्टेनलेसचा आहे, ३१६, कोरा करकरीत. लावू का?"

मी विचारलं, माप जुळतं का? जुळत होतं. टाकीत द्रावण थोडंच उरलेलं, बादल्यांत काढून काम होणार होतं. मी म्हटलं, "लावा. नवा आला की बदलू."

मागून फिटरकाकांचा आवाज ऐकू आला, "प्लास्टिकपेक्षा हा कधीही भारी."

या संभाषणाला दोन मिनिटंही लागली नसतील. मला माहीत नव्हतं असं नाही. फेरिक क्लोराइड आणि स्टेनलेस स्टील जमत नाही हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण झोपेतून उठल्यावर "३१६" हा स्टेनलेसच्या प्रतीचा आकडा ऐकला आणि मनाने त्याला "चांगल्यातलं स्टील" असं वाचलं. चार दिवसांचाच प्रश्न आहे, असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी पीव्हीसीच्या व्हॉल्व्हची मागणी लिहिली. ती खरेदीत अडकली. टाकी चालू होती, डोस बरोबर जात होता, कुणाची तक्रार नव्हती. चौथा दिवस गेला, आठवा गेला. "तात्पुरतं" हा शब्द त्या व्हॉल्व्हवर कुठेही लिहिलेला नव्हता. तो फक्त माझ्या डोक्यात होता आणि तिथूनही पुसत चालला होता.

स्टेनलेस का टिकलं नाही

स्टेनलेस स्टील गंजत नाही याचं श्रेय क्रोमियम ऑक्साइडच्या थराला जातं. हा थर काही नॅनोमीटरचाच असतो, पण ओरखडा पडला तरी स्वतःहून भरून येतो. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनमही असतं, म्हणून साध्या क्षारयुक्त पाण्यात ते इतरांपेक्षा बरं टिकतं.

फेरिक क्लोराइड त्या थरावर तीन बाजूंनी येतं. क्लोराइड थराला एखाद्या कमजोर बिंदूवर भोक पाडतं. द्रावणातलं आम्ल ते भोक भरू देत नाही. आणि फेरिक लोह स्वतः ऑक्सिडीकारक असल्याने धातूतले इलेक्ट्रॉन ओढत राहतं, त्यामुळे आतला धातू विरघळत जातो. एकदा खळगा पडला की त्याच्या आतलं द्रावण बाहेरच्यापेक्षा जास्त आम्लधर्मी होतं, आणखी क्लोराइड आत खेचलं जातं आणि खळगा स्वतःलाच खोल करत नेतो. वरून टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसतं, आत पोकळी झालेली असते.

नंतर मला जी गोष्ट सगळ्यात जास्त लागली ती वेगळीच. स्टेनलेस मिश्रधातू अशा खळग्यांना किती तोंड देतात हे तपासण्यासाठी एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची जी४८ ही प्रमाणित चाचणी आहे. तिच्यात धातूचा तुकडा ज्या द्रावणात बुडवतात ते फेरिक क्लोराइडचंच असतं, सुमारे ६ टक्क्यांचं. तिच्या एका पद्धतीत तुकडा ७२ तास ठेवतात. म्हणजे धातूचा दम पाहण्यासाठी मुद्दाम निवडलेलं हे रसायन. आम्ही त्याहून जवळपास सातपट तीव्र द्रावण एका व्हॉल्व्हमध्ये भरून अकरा दिवस विसरून गेलो होतो.

महाग धातू म्हणजे टिकाऊ धातू असाही सरसकट हिशेब इथे चालत नाही. टायटॅनियम या द्रावणात छान टिकतं, कारण फेरिक लोहाच्या ऑक्सिडीकारक गुणामुळेच त्याचा संरक्षक थर शाबूत राहतो. जो गुण स्टेनलेसला खातो तोच टायटॅनियमला सांभाळतो. आणि ज्याला फिटरकाका हलकं समजत होते ते पीव्हीसी, एचडीपीई, रबराचं अस्तर लावलेलं साधं लोखंड, हे सगळं या कामाला योग्य.

अकराव्या दिवसाची पहाट

पहाटे पाच-वीसला ऑपरेटरला बंडमध्ये तपकिरी थारोळं दिसलं. टाकीची पातळी ७०० लिटरला असायला हवी होती, ती ६१० वर होती. ९० लिटर गेलं होतं. मी पोहोचले तेव्हा थेंब मोजता येत नव्हते, दोऱ्याएवढी धार लागली होती. ती जोडातून येत नव्हती. व्हॉल्व्हच्या अंगातूनच, बॉलच्या बैठकीच्या जरा खालून येत होती. फिटरकाका पाना घेऊन उभे होते, पण घट्ट करायला काही उरलंच नव्हतं.

९० लिटर म्हणजे वजनाने सव्वाशे किलोच्या वर, आणि त्यात निव्वळ फेरिक क्लोराइड सुमारे ५० किलो. बंडच्या तळाच्या इपॉक्सी लेपाला एके ठिकाणी चीर होती. तिथे काँक्रीट बुडबुडत होतं.

ऑपरेटर होजपाइप घेऊन आला. "मॅडम, निचऱ्याचा व्हॉल्व्ह खोलतो आणि धुऊन काढतो. पाच मिनिटांचं काम."

त्याचा हात निचऱ्याच्या चाकावर होता. मी ओरडूनच थांबवलं.

त्या चाकापाशी काय होतं

खोलीबाहेरच्या खड्ड्यात हायपो होतं. हायपोच्या पंपाचं सील काही आठवडे ठिबकत होतं आणि ते पाणी निचऱ्यातून तिथे साचलेलं. हायपोत आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो आणि फेरिक क्लोराइडचं द्रावण आम्लच आहे. एक लिटर हायपोमध्ये साधारण १०० ते १२० ग्रॅम उपलब्ध क्लोरीन असतं. ते सगळं सुटलं तर ३५ ते ४० लिटर वायू होतो. आमची खोली सुमारे १०० घनमीटरची. एकाच लिटरमधला क्लोरीन निचऱ्याच्या पाइपातून उलटा आत येऊन पसरला असता तरी हवेतलं प्रमाण ३५० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ३५० भागांच्या, आसपास गेलं असतं. जिवाला तात्काळ धोकादायक मानलेली पातळी १० पीपीएम आहे. हा वायू हवेच्या अडीच पट जड असतो, म्हणजे वाकून काम करणाऱ्या माणसाच्या तोंडाशीच थांबतो.

ऑपरेटरची चूक होती असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. सांडलेलं पाण्याने धुवावं हे त्याला आम्हीच शिकवलं होतं. दोन निचरे एकत्र जातात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मला ते माहीत होतं, कारण मागच्या वर्षी एक जुना नकाशा शोधताना योगायोगाने दिसलं होतं. एका माणसाच्या योगायोगाने पाहिलेल्या नकाशावर सगळ्यांचा जीव अवलंबून होता, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

समोरचे पर्याय

टाकीत अजून ६०० लिटर होतं आणि गळका व्हॉल्व्ह टाकीच्या बुडाशीच असल्याने तो बंद करून काही साधणार नव्हतं.

व्हॉल्व्हला बाहेरून पट्टा आवळून दिवस काढावा, असं पाळीप्रमुख म्हणाले. मी नको म्हटलं. आतून किती खाल्लं गेलंय हे दिसत नव्हतं आणि आवळताना अंगच तुटलं असतं तर सगळं एकदम बाहेर आलं असतं.

पंप जोरात चालवून उरलेलं रसायन प्रक्रियेत ढकलून द्यावं, हा दुसरा विचार. वाटतो सोपा. पण १ मिलिग्रॅम फेरिक क्लोराइड पाण्यातली सुमारे ०.९२ मिलिग्रॅम क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, खातं, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. एवढा डोस एकदम गेला असता तर पीएच घसरून पुढच्या टाकीतले जिवाणू मेले असते. ते पुन्हा वाढवायला आठवडे लागतात.

उरला तिसरा: वरच्या झाकणातून प्लास्टिकच्या हातपंपाने द्रावण पिंपांत काढायचं. यात वेळ जाणार होता, तोवर धार चालू राहणार होती. पण ती बंडमध्येच पडणार होती आणि बंडमध्ये जागा होती. वेगापेक्षा अंदाज बांधता येणं मला जास्त मोलाचं वाटलं.

सांडलेल्याचं काय करायचं, यावरही थोडी चर्चा झाली. सोडा ॲश जवळ होता. पण ५० किलो फेरिक क्लोराइडला तितकाच सोडा लागतो आणि त्यातून सुमारे ११ घनमीटर कार्बन डायऑक्साइड सुटतो. फेस भिंतीवरून बाहेर आला असता आणि वायू खोलीच्या तळाशी साचला असता. विरलेल्या चुन्याने वायू सुटत नाही. हिशेबाने ३५ किलो पुरतो, आम्ही जास्तच आणून ठेवला.

काय केलं

आधी निचऱ्याचं चाक साखळीने बांधलं. हायपोचा पंप बंद केला, दारं उघडली, पंखे लावले. पंप थांबल्यावर निर्जंतुकीकरण राखीव व्यवस्थेवर नेलं.

पिंपं आणली तेव्हा पाचपैकी एकावर जुन्या लेबलचा अर्धा फाटलेला कागद होता. नाक जवळ नेलं तर हायपोचा वास. तेच पिंप पहिल्यांदा पुढे ढकललेलं होतं. ते बाजूला काढून त्यावर फुली मारली. उरलेल्या चारांत प्रत्येकी दीडशे लिटरच भरलं. पाण्याच्या सवयीने काठोकाठ भरलं असतं तर एकेक पिंप २८० किलोचं झालं असतं आणि ढकलगाडीवरून घसरलं असतं.

चुना पाण्यात कालवून थोडा थोडा घातला. एकदम ओतला की उकळल्यासारखं उडतं. तपकिरी द्रावण आधी दाट झालं, मग विटकरी चिखल, आणि पीएचचा कागद हळूहळू लालवरून हिरव्याकडे आला. आमच्या ५० किलो फेरिक क्लोराइडच्या जागी तिथे आता जवळपास तितकंच कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळलेलं होतं. तेही धातूचं क्लोराइडच, पण शांत. चिखल फावड्याने उचलून गाळाच्या टाकीत नेला.

या सगळ्यात एक दुखापत झाली. पिंप बदलताना फिटरकाकांच्या हातमोज्याच्या कडेतून थोडं द्रावण मनगटावर ओघळलं. ते म्हणाले, "राहू द्या हो, झालं की धुतो." मी त्यांना नळाखाली उभं केलं आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं हलू दिलं नाही. कातडी लाल झाली, फोड आला नाही. पिवळा डाग मात्र बरेच दिवस राहिला.

डोस चौदा तास तुरटीवर चालवला. तुरटी क्षारता कमी खाते, पण तिची पीएचची मर्यादा अरुंद असते. म्हणून दर दोन तासांनी जार टेस्ट, म्हणजे भांड्यांत वेगवेगळे डोस घालून पाहण्याची चाचणी, घेतली. बाहेर जाणारं पाणी मर्यादेत राहिलं, फॉस्फेट नेहमीपेक्षा वर होतं.

परिणाम

खड्ड्यातलं हायपो वेगळं उपसून निष्क्रिय केलं. दोन्ही बंडांचे निचऱ्याचे पाइप त्याच आठवड्यात कापून कायमचे बुजवले. आता बंडमध्ये काहीही साचलं तर ते तपासून, पंपानेच उचलायचं. हा बदल मला बाकी सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो. व्हॉल्व्ह गळणं ही नुकसानीची गोष्ट होती, तो खड्डा ही मरणाची होती.

काढलेला स्टेनलेस व्हॉल्व्ह आम्ही करवतीने उभा कापला. बाहेरून तो अजून चकचकीत होता. आत बॉलवर आणि बैठकीभोवती काळे ठिपके होते, मोहरीएवढे. एका ठिपक्यात सुई घातली तर ती अडल्याशिवाय आरपार गेली. फिटरकाका तो कापलेला अर्धा भाग बराच वेळ हातात फिरवत होते. मग म्हणाले, "मॅडम, हे मला आधी कुणी दाखवलं असतं तर मी फोनच केला नसता." तो तुकडा आता स्टोअरच्या खिडकीत, प्लास्टिकच्या व्हॉल्व्हच्या खणाशेजारी टांगलेला आहे.

टाकीवर नवा फलक लागला आहे. त्यावर धोक्याच्या चिन्हाखाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय: पीव्हीसी, एचडीपीई, रबर अस्तर चालेल, लोखंड, स्टेनलेस, तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, जस्ताचा मुलामा चालणार नाही. आणि तात्पुरत्या कामाला लाल चिठ्ठी लागते. तिच्यावर काढण्याची तारीख आणि जबाबदार माणसाचं नाव असतं.

काय वेगळं करता आलं असतं

त्या पहिल्या रात्री आणखी एक पर्याय होता जो कुणाच्या मनात आला नाही, माझ्याही नाही. बुडाचा व्हॉल्व्ह आंधळी, म्हणजे भोक नसलेली प्लेट लावून बंद करायचा आणि डोसिंग पंपाची शोषण नळी वरून थेट पिंपात सोडायची. पंपाला द्रावण वरून घेता येत होतं, नळीही एचडीपीईची होती. सकाळपर्यंतच काय, महिनाभरही ते चाललं असतं. आम्ही "व्हॉल्व्ह गेला" या वाक्यात अडकलो आणि व्हॉल्व्हच शोधत बसलो. टाकीतून पंपापर्यंत द्रावण जायला हवं होतं, एवढीच खरी गरज होती.

डोस रात्रभर बंद ठेवणंही शक्य होतं. फॉस्फेट एक रात्र वर गेलं असतं, त्याची नोंद करून कळवता आलं असतं. पण डोस थांबवणं म्हणजे अपयश, ही समजूत आमच्यात इतकी मुरलेली होती की त्याला पर्याय म्हणून कुणी मोजलंच नाही.

एका गोष्टीवर आमचं अजून एकमत नाही. पहाटे मी सगळ्यांना खोलीबाहेर काढून, श्वसनयंत्र लावलेल्या दोघांनाच आत ठेवायला हवं होतं, असं पाळीप्रमुखांना वाटतं. मला तेव्हा वाटलं की निचरा बंद आहे, हायपोचा पंप बंद आहे, म्हणजे वायूचा धोका टळला. पण निचऱ्याचा व्हॉल्व्ह आतून पूर्ण बसतो की नाही हे मी तपासलं नव्हतं. खोलीत क्लोरीन मोजणारं यंत्रही नव्हतं, ते नंतर बसवलं. आज विचारलं तर मी त्यांच्या बाजूने आहे.

आणि फोनवर? आता रात्री असा फोन आला की मी आधी माप विचारत नाही. आतून काय वाहणार आहे आणि त्याला लागणारा प्रत्येक भाग कशाचा आहे, बॉल, दांडा, बैठक, गॅस्केट, हे एकेक वाचून घेते. परवाच एका पंपाच्या दुरुस्तीत पीव्हीसीच्या व्हॉल्व्हमधली स्प्रिंग स्टेनलेसची निघाली.